नंबर सारखा बिझी लागतो तेव्हा काय काय करता येतं (नवीन फोन घेतलेल्यांसाठी)

अमळनेरला माझं रिचार्ज आणि मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, पण खरं सांगायचं तर रिपेरिंगपेक्षा जास्त लोक एकच गाऱ्हाणं घेऊन येतात, "भाऊ, फोन लागतच नाही, सारखा बिझी सांगतो, बघा बरं सेटिंग बिघडली का काही". सेटिंग दहात एखाद्या वेळी बिघडलेली असते. बाकी वेळा माणसानं नुसतं लाल बटण-हिरवं बटण करत अर्धा दिवस घालवलेला असतो आणि समोरून नक्की काय ऐकू आलं ते विचारलं तर सांगता येत नाही. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतोय, घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा.

मागच्या महिन्यात जवळच्या खेड्यावरून एक आजी आल्या. हातात बटणाचा फोन, काखेत धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्याची फाईल, फाईलच्या मागच्या बाजूला बॉलपेननं लिहिलेला नंबर. म्हणाल्या, "सकायपासून लाई राहिनी भाऊ, लागसच नही." मी त्यांच्यासमोर तोच नंबर लावला आणि फोन कानाला धरला, तर आतली बाई हिंदीत सांगत होती की डायल केलेला नंबर तपासून पाहा. म्हणजे बिझी नव्हताच. फाईलवर नुसते सहा आकडे होते, कारण लिहिणारा धुळ्याचा होता आणि धुळ्यात लँडलाईनवरून लँडलाईनला सहा आकडे पुरतात. आजींनी मोबाईलवरून तेच सहा आकडे सकाळपासून लावले होते.

तर सगळ्यात आधी नंबर बघा

मोबाईलवरून कुठल्याही लँडलाईनला लावताना पुढं शून्य आणि गावाचा एसटीडी कोड लागतोच, अगदी तुम्ही त्याच गावात उभे असलात तरी. आपल्या भागातले कोड हे असे, जळगाव ०२५७, धुळे ०२५६२, नंदुरबार ०२५६४, अमळनेर ०२५८७, भुसावळ ०२५८२, चाळीसगाव ०२५८९. शून्य धरून एकूण अकरा आकडे झाले पाहिजेत, म्हणजे धुळ्याचा नंबर सहा आकडी तर जळगावचा सात आकडी, बेरीज सारखीच येते. मोजून बघा, एक आकडा कमी असला की पुढची सगळी मेहनत फुकट.

आणि उलटं, घरच्या लँडलाईनवरून मोबाईलला लावत असाल तर १५ जानेवारी २०२१ पासून मोबाईल नंबरच्या आधी शून्य दाबावंच लागतं. बऱ्याच जुन्या माणसांना हे अजून कुणी सांगितलेलंच नाही, ते दहा आकडे लावतात, रेकॉर्डिंग वाजतं, आणि मग पोरगा फोन उचलत नाही म्हणून रुसून बसतात. मोबाईलवरून मोबाईलला मात्र दहा आकडे पुरतात.

मग कान द्या, कारण बिझी एक प्रकारचा नसतो

हा भाग नीट वाचा कारण पुढचं सगळं यावर आहे. लोक ज्याला बिझी म्हणतात त्यात निदान चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीला उपाय वेगळा.

लँडलाईन खरंच गुंतलेली असेल तर टूं... टूं... असा आवाज येतो, साधारण पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो, संथ. याचा अर्थ पलीकडं कुणीतरी बोलतंय, किंवा रिसिव्हर नीट ठेवलेला नाही. तोच आवाज जर भराभर आला, टूंटूंटूंटूं, सेकंदाला दोनदा, तर त्या माणसाचा फोन मोकळाही असू शकतो, पण मधली लाईन भरलेली आहे. पूर्वी यासाठी "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं" ऐकू यायचं, ते ज्यांनी ऐकलंय त्यांना लगेच समजेल. संथ टूं असेल तर समोरच्याचं बोलणं संपायची वाट बघायची, भरभर टूं असेल तर मिनिटभरानं परत लावायचा, समोरच्या माणसाचा काही दोष नसतो.

मोबाईलला लावताना बहुतेक वेळा रेकॉर्डिंग वाजतं. "आपण ज्या व्यक्तीला फोन करत आहात ती दुसऱ्या कॉलवर आहे, कृपया लाईनवर राहा" असं काही आलं तर कापू नका!! त्या माणसाच्या फोनात तुमचा नंबर दिसतोय, टिक-टिक वाजतंय, तो पहिला कॉल होल्ड करून तुमचा घेऊ शकतो. लोक पहिले तीन शब्द ऐकतात आणि घाईनं कापतात, मग परत लावतात, परत कापतात, आणि समोरच्याच्या कानात बोलता बोलता सारखं टिक-टिक. पंधरा-वीस सेकंद थांबा, त्यानं घेतला नाही तर मग ठेवा आणि दहा मिनिटं जाऊ द्या, त्याला मिस कॉल दिसणारच आहे.

चार-दोन रिंगा जाऊन एकदम "व्यस्त आहे" आलं तर बहुतेक त्यानं हातानं कट केलाय, बसमध्ये असेल, कुणाच्या मयतीला गेला असेल, बँकेत असेल. लगेच परत लावला तर परत कट करेल. अशा वेळी मेसेज टाकावा, मेसेज कसा लिहायचा ते खाली सांगतो.

आणि प्रत्येक वेळी, दिवसा-रात्री कधीही लावा, अर्धी रिंग जाऊन लगेच बिझी येत असेल तर तुमचा नंबर चुकून ब्लॉक झालेला असू शकतो. टचस्क्रीनवर बोट कुठंही लागतं, म्हाताऱ्या माणसांच्या फोनात तर मुलीचा नंबरसुद्धा ब्लॉक लिस्टमध्ये गेलेला मी पाहिलाय. घरातल्या दुसऱ्या फोनवरून लावून बघा, तिथून रिंग गेली तर भांडायला जाऊ नका, नुसतं सांगा की ब्लॉक लिस्ट तपास.

स्विच ऑफ आणि कव्हरेजबाहेर हे तर बिझी नाहीच. त्यात बऱ्याचदा नंतर आपल्याला मेसेज येतो की अमुक नंबर आता कॉलसाठी उपलब्ध आहे, त्या मेसेजची वाट पाहा, तोवर बॅटरी घालवू नका.

एकच लाईन असलेला दवाखाना

सगळ्यात जास्त रडारड इथं. धुळ्याला, जळगावला असे बरेच डॉक्टर आहेत जे फोनवर नंबर लावून घेतात, सकाळी आठला लाईन चालू, नऊला बंद. समजा एका पेशंटचं नाव, गाव, वय लिहून घ्यायला तीन मिनिटं लागतात, म्हणजे तासात वीसच लोकांचं काम होणार, आणि लावणारे साठ असतील तर चाळीस जण टूं टूं ऐकणार म्हणजे ऐकणार, यात तुमच्या फोनचा काही संबंध नाही. हे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एरलांग नावाच्या माणसानं मांडलं होतं, त्याचा पहिला पेपर १९०९ चा, आणि आजही फोनच्या लाईन किती ठेवायच्या ते त्याच्याच नावाच्या मापात मोजतात. एक लाईन तासभर सलग भरलेली राहिली की त्याला एक एरलांग म्हणायचं. आपल्या दवाखान्याची आठ ते नऊची लाईन पूर्ण भरलेली असते, म्हणजे दोन पेशंटच्या मधली फट फक्त रिसिव्हर ठेवून परत वाजेपर्यंतची, चार-पाच सेकंदांची. त्या फटीत ज्याचा कॉल पोचला त्याचं काम झालं.

मग आपण काय करायचं, तर पाच-पाच मिनिटांनी एकदा लावायचा नाही, त्यानं ती फट सापडत नाही. बिझी ऐकला की ठेवायचा, दहा-पंधरा सेकंद थांबायचं, परत. असं सलग दहा मिनिटं. आणि सुरुवात आठ वाजून पाच मिनिटांनी नाही, आठला काही सेकंद कमी असताना. फोनचं घड्याळ ऑटोमॅटिक टाइमवर ठेवा म्हणजे नेटवर्कची वेळ दिसते, भिंतीवरचं घड्याळ सगळ्यांच्या घरी पाच मिनिटं पुढं असतं. घरात दोन फोन असतील तर दोघांनी आळीपाळीनं लावा, एकाचा लागला की दुसऱ्यानं तिथल्या तिथं थांबायचं, नाहीतर आपणच दुसऱ्या कुणाची तरी ती फट खाऊन टाकतो.

नंबर मिळाला की बोलणं लांबवू नका. नाव, गाव, वय, जुना की नवा पेशंट, हे कागदावर आधीच लिहून ठेवलं की मिनिटात होतं. तुमच्या मागं चाळीस जण टूं टूं ऐकत बसलेत, त्यातलं एखादं खरंच अडलेलं असतं.

साडेआठपर्यंत नाहीच लागला तर दवाखान्याशेजारच्या मेडिकलवाल्याचा नंबर शोधा. फाईलमधल्या औषधाच्या बिलावर असतो. मी वडिलांच्या वेळी हे शिकलो, एका दवाखान्याचा नंबर दोन दिवस सलग बिझी, शेवटी वैतागून सकाळची बस धरून गेलो, तर टेबलावर फायलींचा गठ्ठा रिसिव्हरला टेकलेला आणि रिसिव्हर अर्धा उचललेला. कुणाच्या लक्षातच नव्हतं. मेडिकलवाल्याला एक फोन केला असता तर वडिलांचा एक दिवस वाचला असता, ते अजून मनाला लागतं. संथ टूं सलग तासन्‌तास येत असेल, जेवणाच्या वेळीही येत असेल, तर रिसिव्हर बाजूला पडलाय असं समजा आणि शेजारच्याला कळवा.

टोल फ्री नंबरला मात्र बरोब्बर उलटं

किसान कॉल सेंटर, महावितरण, बँक, गॅस, यांच्याकडं रांग असते. "आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, कृपया प्रतीक्षा करा" असं गाण्यासकट वाजायला लागलं म्हणजे तुम्ही आत शिरलात, तुमचा नंबर लागलाय. कापून परत लावला की रांगेत सगळ्यात शेवटी. दवाखान्याची सवय इथं लावली की नुकसान, आणि मी रोज बघतो, माणूस आठ मिनिटं थांबतो आणि नवव्याला कंटाळून कापतो. फोन स्पीकरवर टाका, चार्जिंगला लावा, शेजारी ठेवून आपलं काम करा. टोल फ्री आहे, पैसे जात नाहीत.

वेळ निवडली तरी अर्धं काम होतं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ सकाळी ६ ते रात्री १० चालू असतो, मराठीत बोलतात, आणि कपाशीवर बोंडअळी दिसली की सगळेच सकाळी शेतातून आल्यावर दहा-अकराला लावतात. रात्री जेवणं झाल्यावर लावून बघा. लाईट गेल्यावर महावितरणचंही तसंच, अख्ख्या फीडरची लाईट जाते तेव्हा अख्खं गाव एकदम १९१२ लावतं. तिथं १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे पण आहेत, एक भरला तर दुसरा. शिवाय रजिस्टर केलेल्या मोबाईलवरून नो आणि पॉवर हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत एकत्र जोडून, मग जागा सोडून बारा आकडी ग्राहक क्रमांक, असा मेसेज ९९३०३९९३०३ ला टाकला तरी तक्रार जाते. मेसेजला बिझी टोन नसतो.

ज्या नंबरवर "मराठीसाठी १ दाबा, तक्रारीसाठी ३ दाबा" असं लांबलचक असतं, त्यासाठी एक सोय फोनात आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. नंबर सेव्ह करताना नंबर संपल्यावर स्वल्पविराम टाकला की फोन दोन सेकंद थांबून पुढचा आकडा आपोआप दाबतो. अँड्रॉइडमध्ये नंबर टाइप करून तीन टिंबांत दोन सेकंदांचा पॉज टाकायचा पर्याय मिळतो, आयफोनमध्ये स्टारचं बटण दाबून धरलं की स्वल्पविराम येतो. पाच-सहा सेकंद थांबायचं असेल तर तीन स्वल्पविराम. एकदा बसवून ठेवलं की परत परत लावताना बोटं दुखत नाहीत, फक्त कंपनीनं मेनू बदलला की आकडे पण बदलावे लागतात.

फोनच परत परत लावेल का

हे सगळेच विचारतात. अमेरिकेत लँडलाईनवर बिझी लागला की *६६ दाबतात, मग एक्सचेंजच अर्धा तास त्या नंबरवर लक्ष ठेवतं आणि मोकळा झाला की तुमचा फोन वेगळ्या आवाजात वाजवतं, नको असेल तर *८६. इंग्लंडमध्ये बिझी टोन ऐकून ५ दाबायची सोय होती. नेटवर बघून आपली पोरं *६६ दाबून बघतात, आपल्या मोबाईलवर त्यानं काही होत नाही. आपल्याकडं ही सोय दिसते ती मोठ्या ऑफिसच्या, हॉस्पिटलच्या इंटरकॉमवर, आतल्या आत. तुम्ही तिथं कामाला असाल तर ऑपरेटरला ऑटो कॉल बॅकचा कोड विचारून घ्या, प्रत्येक मशीनचा वेगळा असतो.

मोबाईलमध्ये जी सोय आहे ती फोनच्याच आतली. जुन्या नोकियात कॉल सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक रिडायल असायचं, चालू केलं की तो जास्तीत जास्त दहा वेळा आपणहून लावायचा, मला ती फार आवडायची. शाओमीच्या ज्या फोनात कंपनीचं स्वतःचं फोन अ‍ॅप होतं त्यातही ऑटो रिडायल मिळायचं. तुमच्या फोनात आहे का ते बघायला फोन अ‍ॅप उघडा, वर तीन टिंब, सेटिंग, आणि तिथं रिडायल शोधा. नसेल तर नसू द्या. बटणाच्या फोनात हिरवं बटण दोनदा दाबलं की शेवटचा नंबर लागतो, एवढं पुरतं.

प्ले स्टोअरवरची ऑटो रिडायलची अ‍ॅप्स मी कुणाला टाकून देत नाही. ती कॉल, कॉन्टॅक्ट, मेसेज सगळ्याची परवानगी मागतात, आणि डॉक्टरच्या एका अपॉइंटमेंटसाठी ओटीपी येणारा मेसेजबॉक्स अनोळखी माणसाच्या हातात देणं मला पटत नाही.

दोघंही एकमेकांना लावत बसतात तेव्हा

बहिणीनं भावाला फोन केला, बोलता बोलता कट झाला. ती परत लावते, तोही त्याच क्षणी परत लावतो, दोघांना बिझी. दोघंही दहा सेकंद थांबून परत लावतात, परत बिझी. मग तिला वाटतं भाऊ दुसऱ्या कुणाशी बोलतोय. यावर साधा नियम घरात ठरवून टाका, ज्यानं पहिला फोन केला त्यानंच परत लावायचा, दुसऱ्यानं फोन खाली ठेवून वाट बघायची. आमच्या घरी ठरलंय तेव्हापासून ही कटकट संपली.

आता तुमचा फोन दुसऱ्याला बिझी लागू नये म्हणून

कॉल वेटिंग. तुम्ही बोलत असताना दुसऱ्याचा कॉल आला तर कळतं, ते हेच. डायल करा *#४३# म्हणजे चालू आहे का बंद ते स्क्रीनवर दिसतं, चालू करायला *४३#, बंद करायला #४३#. कोडनं नाही झालं तर फोन अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कॉल वेटिंग नावाचंच बटण असतं. कापूस वेचणीचे मुकादम, गाडीवाले, दूधवाले यांनी तर हे चालू ठेवलंच पाहिजे, मी दोन मुकादमांच्या फोनात बंद सापडलेलं चालू करून दिलंय. बोलताना टिक-टिक वाजलं की घाबरू नका, होल्ड अँड आन्सर दाबा, पहिला माणूस कटत नाही, थांबतो. त्याला आधी "एक मिनिट हं" म्हणायला विसरू नका, नाहीतर तो एकटाच हॅलो हॅलो करत राहतो.

कॉल फॉरवर्ड ऑन बिझी, म्हणजे मी गुंतलेलो असलो की माझा कॉल भावाच्या फोनवर जाऊ दे, ही सोय धंदेवाल्यांच्या कामाची, पण इथं सावध. कुणीतरी कुरिअरवाला किंवा बँकवाला म्हणून फोन करतो, आणि *४०१* दाबून मग हा नंबर आणि हॅश दाबा म्हणतो. दाबलं की तुमचे सगळे कॉल त्याच्याकडं, कॉलवर येणारे ओटीपी त्याच्याकडं, आणि थोड्या वेळात व्हॉट्सअ‍ॅप गेलं. याच कारणानं दूरसंचार विभागानं १५ एप्रिल २०२४ पासून कोड डायल करून होणारं असलं फॉरवर्डिंग बंद ठेवायला लावलं. तेव्हा फॉरवर्ड करायचंच असेल तर फोनच्या सेटिंगमधून किंवा कंपनीच्या कस्टमर केअरकडून, स्वतःच्या गरजेनं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधीच नाही. तपासायला *#२१# आणि *#६७#. सगळं एकदम रद्द करायला ##००२#. ज्यांचे कॉल येणं अचानक बंद झालंय, लोक म्हणतात तुमचा फोन दुसराच कुणी उचलतो, त्यांनी हे आज करा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन.

मेसेज असा लिहा

"फोन करा" एवढा मेसेज पाठवून काही उपयोग नाही, गुंतलेला माणूस अशा मेसेजला कशाला फोन करेल. कोण, कुठून, कशासाठी, कधी फोन चालेल, हे चार आलं पाहिजे. म्हणजे असं, "नमस्कार, पातोंड्याहून बोलतोय, तीस क्विंटल कापूस आहे, उद्या गाडी लागेल का, दुपारी १ ते ३ फोन चालेल." व्यापारी जिनिंगवर उभा असला तरी एका नजरेत वाचतो आणि हो-नाही टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल करत असाल तर स्क्रीनवर नुसतं कॉलिंग दिसतंय का रिंगिंग ते बघा, कॉलिंगच राहिलं तर त्याचं नेट बंद आहे, त्याच्याकडं काहीच वाजत नाही, साधा कॉल लावा.

आखाजी, दिवाळी, आणि रात्रीचे अकरा

सणाला कुणाचाच फोन लागत नाही यात नवल नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी निघालेल्या असतात, बस कुठवर आली, स्टँडवर कोण घ्यायला येतंय, सगळं खान्देश एकाच वेळी फोनवर. टॉवरची जागा ठरलेली असते, भरला की भरला. एसटीडी बूथच्या काळात रात्री अकरानंतर पाव चार्ज लागायचा, तर अकराला बूथबाहेर ही रांग आणि सगळ्यांना रूट बिझी, मुंबईचा नंबर लागेपर्यंत साडेबारा. तेव्हा शहाणी माणसं पहाटे पाचला उठून यायची, पाव चार्ज सहापर्यंत असायचा, आणि पहिल्या झटक्यात लागायचा. आजही तीच युक्ती चालते, शुभेच्छांचा फोन संध्याकाळी सातऐवजी सकाळी लवकर किंवा दुपारी करा. घरी वायफाय असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, टॉवर भरलेला असला तरी कॉल वायफायवरून निघतो. तेही नसेल तर फोन दहा सेकंद एअरप्लेन मोडवर टाकून परत आणा.

जिवावरचं काम असेल तर

वर लिहिलेली थांबायची, वेळ बघायची एकही गोष्ट इथं लागू नाही. अ‍ॅम्ब्युलन्सला १०८, आणि पोलीस, आग, अ‍ॅम्ब्युलन्स सगळ्यालाच ११२. एक बिझी आला तर त्या क्षणी दुसरा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसानं दुसऱ्या फोनवरून तोवर गावातल्या गाडीवाल्याला लावायचा. साप चावला, छातीत दुखलं, बाळंतीण अडली, अशा वेळी एकट्यानं एकाच नंबरला चिकटून बसायचं नाही. गावातल्या दोन गाडीवाल्यांचे आणि जवळच्या सरकारी दवाखान्याचा नंबर आत्ताच सेव्ह करा, नावाच्या आधी अ लिहा म्हणजे यादीत सगळ्यात वर येतात, हात कापत असले तरी सापडतात.

त्या आजींना मी धुळ्याचा नंबर शून्य आणि २५६२ लावून सेव्ह करून दिला, २ च्या बटणावर स्पीड डायल बसवला, दाबून धरायचं कसं ते चार वेळा करून घेतलं, आणि फाईलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, सकाळी आठ, बिझी आला तर दहापर्यंत मोजून परत. दुसऱ्या दिवशी साडेआठच्या सुमाराला दुकान उघडत होतो तर त्यांचाच फोन. "लागना रे भाऊ. अकरावा नंबर मियना."